‘अ फेअरवेल टू आर्म्स’ सोबत वाचण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ दोघांनी मिळून वाचायचं ठरलंच आहे, तर कशी वाचायची ते आधीच सविस्तर लिहितो. १९२९ सालच्या या कादंबरीवरची चर्चा बऱ्याचदा मधोमध फाटते. एकजण तिच्यातल्या पहिल्या महायुद्धावर बोलतो, दुसरा प्रेमकथेवर, आणि पुस्तक बाजूलाच राहतं. माझ्या मते तिचा जीव या दोहोंच्या सांध्यात आहे.

पुस्तकाचे भाग पाच, प्रकरणं ४१. बैठकाही पाच ठेवू, पण वाटणी थोडी वेगळी: पहिल्या बैठकीला १ ते १२, मग २४पर्यंत, तिसरीला २५ ते ३२, चौथीला ३३ ते ४०. ४१वं प्रकरण एकट्यानेच एक बैठक घेईल. आपल्या आवृत्त्या वेगळ्या असतील, म्हणून खुणा पानांच्या नको, प्रकरणांच्या कर. प्रस्तावना असली तर ती शेवटी वाच.

पहिलं प्रकरण जेमतेम दोन पानांचं आहे आणि त्यात ना निवेदकाचं नाव, ना तो राहतो त्या गावाचं. म्हणून ते भरभर ओलांडलं जातं, आणि तिथेच चूक होते. कॉलऱ्याने सैन्यात सात हजार माणसं मेली, हे निवेदक फ्रेडरिक, म्हणजे इटालियन सैन्याच्या रुग्णवाहिकांवरचा अमेरिकन अधिकारी, तिथे किरकोळ बाब असल्यासारखं उरकतो. हाच आवाज पुढे कॅथरिनबद्दल, त्याच्या प्रेयसीबद्दल, बोलणार आहे; ती तिथल्या इस्पितळातली ब्रिटिश परिचारिका. तो कशाकशावरून असा घाईने पुढे जातो, त्याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेव.

संवादांची एक अडचण येईल. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ अशी सोय अनेकदा नसते, त्यामुळे अर्ध्या पानात कोण बोलतंय तेच निसटतं. एकाने फ्रेडरिक, दुसऱ्याने कॅथरिन असं मोठ्याने वाचू. अडलं तर मागे जाऊन एकाआड एक ओळीला पेन्सिलीची खूण करायची. असं वाचल्यावर कॅथरिनबद्दलचा नेहमीचा वादही निराळा दिसतो. ती नुसती होला हो करणारी बाहुली आहे, असं अनेकांना वाटतं. पण आठ वर्षं तिचा वाग्दत्त असलेला वर फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेलाय, आणि सहाव्या प्रकरणात ती स्वतःच फ्रेडरिकला सुनावते की आपण दोघं एक वाईट खेळ खेळतोय. तिला काय चाललंय ते त्याच्याआधी कळलेलं असतं. त्यानंतरचं तिचं प्रत्येक लाडिक वाक्य हे लक्षात ठेवून वाच.

तिसऱ्या बैठकीला वेळ राखून ठेव. २४ ऑक्टोबर १९१७ला ऑस्ट्रियन-जर्मन हल्ल्याने कापोरेत्तोची लढाई सुरू झाली आणि इटालियन सैन्य मागे हटलं. ती माघार इथे आहे. एका कागदावर पूर्वेकडून पश्चिमेकडे इझोन्झो, ताल्यामेंतो आणि प्यावे या तीन नद्या काढ, गोरित्सिया आणि उदिने ही गावं दाखव, नाहीतर माणसं कुठून कुठे चाललीत तेच कळत नाही. २७ ते ३१ ही प्रकरणं सलग वाच, मध्ये थांबू नकोस. चिखलात गाडी रुतते, दोन सार्जंट मदत न करता निघून जातात, फ्रेडरिक त्यांच्यावर गोळी झाडतो. एक पडतो; त्याला संपवतो फ्रेडरिकच्या हाताखालचा ड्रायव्हर बोनेलो, आणि तोच बोनेलो पुढे शत्रूच्या हाती लागायला आपणहून निघून जातो. मग ताल्यामेंतोच्या पुलापाशी लष्करी पोलीस आपली तुकडी सोडलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालत असतात आणि फ्रेडरिक नदीत उडी टाकतो. ज्या न्यायाने त्याने सार्जंटवर गोळी झाडली, तोच आता त्याच्यावर उलटलाय. तो मात्र या दोन घटना एकमेकींशी कधीच जोडत नाही. ते आपल्याला करायचंय. कॅथरिनकडे तो परततो तो हे सगळं न बोललेलं ओझं घेऊन, आणि मी सांधा म्हणतो तो हाच.

पावसाचंही तसंच. पाऊस म्हणजे मरण, असं एकदा म्हटलं की बोलणं तिथेच खुंटतं. कॅथरिन १९व्या प्रकरणात तिची पावसाची भीती सांगते खरी, पण माघारीत हाच पाऊस गाड्या रुतवतो. प्रत्येक पावसात नेमकं काय घडतं तेवढं लिही.

लेखकाच्या चरित्रात फार शिरू नकोस. हेमिंग्वे जुलै १९१८मध्ये इटलीत जखमी झाला आणि मिलानच्या इस्पितळात एका परिचारिकेच्या प्रेमात पडला, हे खरंच. पण कापोरेत्तोच्या वेळी तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला वार्ताहर होता. माघारीची ती प्रकरणं त्याने न पाहता रचली आहेत, आणि मला ती पुस्तकातली सर्वांत भक्कम वाटतात.

४१व्या प्रकरणाला शेवट ठाऊक असूनही अवसान लागतं. ते मोठ्याने वाचू नये. दोघांनी आपापलं वाचावं, मग बोलावं. शेवटाचे हेमिंग्वेने केलेले ४७ मसुदे २०१२च्या आवृत्तीत छापले आहेत. त्यातले दोन-तीन छापील शेवटाशेजारी ठेवून पाहू, कुठल्यात तो जास्त बोलतो आणि त्याने काय बिघडतं ते. मसुदे मी आणतो. तू पहिली बारा प्रकरणं कधीपर्यंत वाचशील तेवढं कळव, म्हणजे वार ठरवता येईल.

तुझाच,
मित्र