रात्री एकचा स्नॅपशॉट

ठाणे, रविवार दुपार

बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे व्हेंडर म्हणतोय बॅकअप आपोआप होतो, मग टेन्शन कशाला घ्यायचं", आणि मी "लिहून पाठवतो" म्हणून फोन ठेवला, कारण तेव्हा मी ऐरोलीला गाडीत चढत होतो, एक हात कडीला आणि दुसऱ्या हातात डबा. आज ही माहेरी गेलीय, बाहेर धो धो पाऊस आहे, तर बसलोय लिहायला. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

तुमच्या पतसंस्थेचा सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर नेताय ते चांगलंच आहे, त्या माळ्यावरच्या खोलीत यूपीएसच्या बॅटऱ्या फुगत बसण्यापेक्षा कधीही बरं. पण "बॅकअप आपोआप होतो" या वाक्यावर मी एका रात्री असा आपटलोय ना, की आता ते कोणी बोललं की माझ्या पोटात गोळा येतो. ती गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. लाज वाटायची, खरं सांगतो.

२०२४ चा जुलै. आमच्या एका क्लायंटचं गोदामाचं काम आहे भिवंडीला, त्यांची ऑर्डरची सिस्टिम एकाच मशीनवर, अॅप्लिकेशन पण तिथेच आणि मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस, पण तिथेच. डेटाची डिस्क ६०० जीबीची, ती भरत आली होती म्हणून रात्री ११ वाजता सिस्टिम बंद करून नवीन डिस्क लावायची, जरा पॅचिंग (सॉफ्टवेअरचे अपडेट) करायचं आणि १ ला झोपायचं, असा प्लॅन. रोज रात्री १ ला बॅकअपचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, निघायचाच, म्हणून काम सुरू करायच्या आधी मी वेगळा काढला नाही. "काल रात्रीचा आहेच की." दहा मिनिटांचं काम होतं, बंड्या, दहा मिनिटांचं.

आता हे जरा नीट वाच, कारण गंमत इथेच आहे. अॅमेझॉनच्या क्लाउडच्या नव्या मशीनवर (आमची तिथलीच) डिस्क दिसतात त्या एनव्हीएमई नावाने, शून्य, एक, दोन अशा नंबरांनी. आणि हे नंबर मशीन रीस्टार्ट झाली की बदलू शकतात, ज्या क्रमाने डिस्क सापडतील तसे. आधी बघितलं तेव्हा एक नंबर म्हणजे डेटा आणि दोन नंबर म्हणजे नवी कोरी डिस्क. मग पॅचसाठी रीस्टार्ट केलं. परत आलो, डेटाची डिस्क मी मुद्दाम माउंट केली नव्हती, म्हणजे वापरायला जोडली नव्हती, आणि दोन नंबर फॉरमॅट करायला घेतला. त्या कमांडने मला विचारलं सुद्धा, की यावर आधीच फाइल सिस्टिम दिसतेय, जबरदस्ती करायची असेल तर अमुक ऑप्शन दे. आणि मी शहाण्याने काय विचार करावा, की अरे टेस्टिंगला वापरलेली डिस्क दिली असेल कुणीतरी. दिला ऑप्शन. दोन सेकंदांत काम झालं. मग मी एक नंबर माउंट करायला गेलो तर त्यावर काहीच नाही, कोरी. तेव्हा ११:४० झाले होते, आणि माझ्या कानात असा सूंऽऽ आवाज यायला लागला. डिस्कच्या सिरियल नंबरात व्हॉल्यूमचा, म्हणजे क्लाउडवरच्या त्या डिस्कचा, आयडीच लिहिलेला असतो, एका कमांडमध्ये दिसतो, हे मला माहिती होतं. माहिती असून बघितलं नाही.

साहेबांना फोन केला. ते शांत माणूस, एवढंच म्हणाले, "जुन्या मशीनला आता हात लावायचा नाही, बाजूला नवीन उभी कर." त्या वेळी मला तो वेळेचा अपव्यय वाटला, पण त्या एका वाक्याने पुढे आमची लाज वाचवली.

तर बॅकअपमधून आख्खी मशीन परत उभी करायला घेतली. बटण दाबलं आणि लाल अक्षरात एरर, परवानगी नाही. झालं असं होतं की जुन्या मशीनला एक रोल, म्हणजे परवानग्यांचा गठ्ठा, चिकटवलेला होता, बॅकअपची सर्व्हिस नवीन मशीनला तोच रोल देऊ बघत होती आणि ते करायची 'पासरोल' नावाची परवानगी तिला कोणी कधी दिलीच नव्हती. बॅकअप घ्यायला ती लागत नाही ना! म्हणजे दोन वर्षं रोज रात्री हिरवी टिकमार्क येत होती, आणि परत आणायच्या पहिल्याच पायरीला दरवाजा बंद. परवानगी देऊ शकणारा माणूस डोंबिवलीत गाढ झोपलेला, चौथ्या फोनला उठला. त्यात पाऊण तास गेला.

पावणेदोनला मशीन उभी राहिली, स्टेटस हिरवं, आम्ही टाळ्या दिल्या. मग लॉगिन केलं. साधी फोल्डरची यादी यायला मिनिट. डेटाबेस सुरूच होईना, नुसता रेंगाळतोय. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला सांगतो. स्नॅपशॉटवरून डिस्क बनवली की ती दोन-चार मिनिटांत "तयार" दिसते, पण डेटा खरा तिथे आलेलाच नसतो, तो मागे एसथ्री नावाच्या त्यांच्या कोठारात पडलेला असतो, आणि तू जो ब्लॉक पहिल्यांदा मागशील तो तेव्हा ओढून आणला जातो. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये पानं मांडलीत, पण प्रत्येक पदार्थ मागितल्यावर वाढपी गावातून घेऊन येणार. पहिल्यांदा मागितलं की उशीर, दुसऱ्यांदा झटपट. हे टाळायची एक सोय आहे, पण ती आधीपासून चालू ठेवावी लागते, तासाचे पैसे लागतात, आणि ऐनवेळी चालू केली तर एका टीबीला साधारण तासभर तीच घेते. २०२५ पासून पैसे भरून ओढायचा वेग ठरवून घेता येतो म्हणे, तेव्हा ते नव्हतं. आम्ही काय केलं, तर आख्खी डिस्क पहिल्या ब्लॉकपासून शेवटपर्यंत नुसती वाचून काढायला लावली, की सगळं एकदाचं ओढलं जाऊ दे. साडेचार वाजले.

तोपर्यंत खाली टपरीवर तीनदा जाऊन आलो. ऐरोलीला रात्री तो रस्ता बघितलायस का, समोर डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती, चिलरचा तो सततचा घुंऽऽ आवाज, शेजारी केमिकल कंपनीचं गेट. लोक क्लाउड म्हणतात आणि वर बघतात. रबाळे, महापे, ऐरोली, सगळीकडे या अशा इमारती उभ्या आहेत, आणि एमआयडीसीत ट्रकवाल्यांना कल्पना पण नसते की आपण हॉर्न कोणासमोर वाजवतोय.

असो. मशीन आली, पण ती आली काल रात्री १ ची. मधले २२ तास कुठे? इथे एक माणूस उपयोगी पडला जो कंपनी सोडून गेला होता. आमचा जुना डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, खडूस, त्याने हट्टाने मायएसक्यूएलचे बिनलॉग डेटाच्या डिस्कवर न ठेवता सिस्टिमच्या डिस्कवर ठेवले होते. बिनलॉग म्हणजे डेटाबेसमध्ये जे जे बदललं त्याची रोजखर्डाच समज. आणि ती सिस्टिमची डिस्क जुन्या मशीनवर जशीच्या तशी होती, कारण साहेबांनी हात लावू दिला नव्हता! मी माझ्या मनाने गेलो असतो तर जुन्यावरच रिस्टोर मारून तेही घालवलं असतं. आता कुठून पुढे खेळवायचं हा प्रश्न, तर स्नॅपशॉट म्हणजे चालू मशीनची वायर खेचल्यासारखं असतं, त्यामुळे डेटाबेस उठताना आधी स्वतःची डागडुजी करतो आणि एरर लॉगमध्ये लिहितो की मी अमक्या बिनलॉगच्या तमक्या जागेपर्यंत होतो. ती ओळ सापडली तेव्हा मी अक्षरशः स्क्रीनला नमस्कार केला. तिथून पुढचे बदल एकेक करून चढायला लागले.

आणि मग वाजले सहा.

त्या मशीनवर रोज सकाळी ६ चा एक क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम: ज्या ऑर्डर निघायच्या बाकी आहेत त्या दुकानदारांना एसएमएस पाठवायचा, "आपली ऑर्डर आज निघत आहे". मशीन परत आली तशी तिची सगळी सवय पण परत आली ना. तिला काय माहिती की ती बॅकअपमधून उठलीय. आमचा रिप्ले, म्हणजे ते बदल परत चढवणं, तेव्हा पोचला होता आदल्या दिवशीच्या सकाळी ११ पर्यंत, म्हणजे डेटाबेसच्या हिशोबाने कालचा अर्धा माल अजून गोदामातच. तिने इमानदारीत १८० जणांना मेसेज टाकले. सव्वासहाला पहिला फोन, कल्याणचा दुकानदार: "अहो माल तर काल दुपारीच लागला, परत कशाला पाठवताय? मी पैसे देणार नाही हां." वर एसएमएसच्या लॉग टेबलात नव्या ओळी पडल्या, आणि पुढे रिप्लेमध्ये त्याच नंबरच्या जुन्या ओळी आल्यावर डुप्लिकेट की म्हणून तो जागच्या जागी थांबला. त्या ओळी काढा, थांबलेल्या जागेपासून परत सुरू करा. सव्वासातला संपलं एकदाचं. नवीन मशीनचा आयपी वेगळा आणि गोदामातल्या १४ स्कॅनरमध्ये जुना आयपी ठोकून भरलेला, तो तिथल्या पोराने ट्रक थांबवून एकेक करून बदलला, ती शिव्यांची वेगळी कथा आहे.

म्हणून तुझ्या पतसंस्थेचं ऐकून माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल, तर तुमचे पिग्मी एजंट. ते दिवसभर त्या छोट्या मशीनवर पावत्या फाडतात, संध्याकाळी ब्रँचला येऊन डेटा चढवतात, बरोबर? समज रात्री ८ ला सर्व्हर गेला आणि तुम्ही आदल्या रात्री १ चा स्नॅपशॉट आणलात. सर्व्हर मागे गेला. पण एजंटचं मशीन मागे गेलं नाही, त्याच्या लेखी डेटा चढलेला आहे, कदाचित पुसून पण टाकला असेल. आणि खातेदाराच्या हातात तर पावती आहेच. म्हणजे पैसे तिजोरीत, पावती गिऱ्हाइकाकडे, आणि खात्यात काहीच नाही. ते मशीन चढवलेला डेटा किती दिवस जपून ठेवतं आणि परत चढवता येतो का, हे व्हेंडरला नाही, मशीनवाल्याला विचार. तसंच डे एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशोब. आणलेली मशीन आपल्या मनाने डे एंड चालवायला लागली तर व्याज नको त्या तारखेला पडेल, आणि तुझ्या मॅनेजर मॅडम तुला काय करतील ते मी डोळ्यासमोर आणू शकतो.

व्हेंडरला "बॅकअप होतो का" विचारूच नकोस, तो हो म्हणणार. त्याला म्हण, माझ्यासमोर बसून एक मशीन परत आणून दाखव, मी घड्याळ लावून बसतो. आणि ती आणायची वेगळ्या कोंडलेल्या नेटवर्कमध्ये, जिथून बाहेर एक एसएमएस पण जाणार नाही. आत शिरल्या शिरल्या क्रॉन बंद, मग डेटाबेस. आणि नुसती मशीन उठली यावर समाधान मानायचं नाही, तुझ्या स्वतःच्या खात्याची शिल्लक काढून पासबुकाशी ताळा कर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्ली कोणाच्या हातात आहे तेही बघ, कारण किल्ली डिलीट झाली की स्नॅपशॉट असून नसल्यासारखे. अॅमेझॉन निदान ७ दिवस थांबते डिलीट करायच्या आधी, पण ते ७ दिवस कोणी बघतंय का? एक प्रत दुसऱ्या रीजनला, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरला, जाऊ दे, मुंबईची हैदराबादला, २०२२ पासून तिथे पण आहे त्यांचं. आणि शक्यतो वेगळ्या अकाउंटमध्ये, म्हणजे माझ्यासारखा कोणी चुकून किंवा मुद्दाम सगळं एका फटक्यात पुसू शकणार नाही.

मला त्या दिवसांत झोप लागत नव्हती तेव्हा मी गिटलॅबचं वाचलं, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७, त्यांच्या इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं, ३०० जीबीतलं साडेचार उरलं. पाच प्रकारचे बॅकअप, एकही धड चालेना. एक तर व्हर्जन जुळत नसल्याने कधीपासून फेल होत होता आणि फेल झाल्याचे ईमेल पण पोचत नव्हते. शेवटी कोणीतरी सहा तास आधी सहज काढलेल्या स्नॅपशॉटवरून परत आले, आणि तिथेही खरा वेळ खाल्ला तो हळू डिस्कवरून डेटा कॉपी व्हायला, १८ तास. त्यांनी ते सगळं यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर लिहून काढलं. ते वाचून मला जेवढा धीर आला तेवढा घरच्यांच्या "जाऊ दे रे" ने आला नव्हता.

त्या सकाळी साडेनऊला मी ऐरोलीहून ठाण्याला आलो, उलट्या दिशेची गर्दी कामाला निघालेली आणि मी एकटा त्यांच्यातून वाट काढत घरी चाललेलो, मग घरी न जाता मामलेदारला मिसळ खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं आणि ते बरंच वेळ येत राहिलं, कोणाला काही कळलं नाही.

तू व्हेंडरबरोबर कधी बसतोयस ते कळव, शनिवार असेल तर मी व्हिडिओ कॉलवर येतो, नुसता गप्प बसून बघतो. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना म्हणावं गणपतीत यायचंय.

आणि हो, त्या रात्री घाईत नवीन मशीनला मी नाव दिलं होतं "टेम्प-रिस्टोर-उद्या-काढणे". दोन वर्षं झाली, भिवंडीचा सगळा माल अजून तिच्यावरूनच निघतो.

तुझाच,
ठाणेकर