परदेशातल्या रेसिडेन्सीची माहिती दुसऱ्या वर्षातच द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नीटचा निकाल लागला की आमच्या भागात तिठ्यातिठ्यावर अभिनंदनाचे फलक लागतात. माझ्या मुलीचा फलक २०१९ साली लागला होता. गावातली पहिली एमबीबीएस म्हणून देवळात नारळ ठेवला, वाडीत पेढे वाटले. त्यानंतरच्या साडेपाच वर्षांत पुढे काय करायचे, हे तिला कोणी विचारले नाही, मीही नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी डॉक्टर नाही. देवगड तालुक्यात दीडशे हापूस कलमांची बाग आहे, त्यावर घर चालते. बागायतदाराला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. कलमाला मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध घालायचे ते जुलै-ऑगस्टात. ते चुकले आणि जानेवारीत शेजाऱ्याच्या कलमावर मोहोर बघून धावत सुटलो, तर ते वर्ष हातचे गेले. मुलीच्या बाबतीत आमचे तेच झाले. परदेशात पुढे शिकायचे कसे ही माहिती आम्हांला जानेवारीत कळली, असे म्हणा.

ती राज्यातल्याच एका सरकारी महाविद्यालयात शिकली. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या शिक्षकांनी तिला डॉक्टर म्हणून उत्तम घडवले. अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण, करायची असे तिने ठरवले ते इंटर्नशिपला लागल्यावर, २०२४ च्या उन्हाळ्यात. तेव्हा एका सीनियरकडून तिला कळले की अमेरिकेतल्या रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण हाताळायला मिळते ती 'इलेक्टिव्ह' शिकत असतानाच, आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच देतात. पदवी हातात पडली की उरते ती 'ऑब्झर्व्हरशिप', म्हणजे मागे उभे राहून बघणे. इलेक्टिव्हचा अर्ज सहा-आठ महिने आधी करावा लागतो आणि त्यावर आपल्या महाविद्यालयाची सही-शिक्का लागतो. ती कार्यालयात गेली. 'असला फॉर्म आमच्याकडे नसतो' असे सांगून तिला परत पाठवले. कोणाकडे असतो, हे कोणालाच माहीत नव्हते. त्या रात्री तिने फोन केला आणि एवढेच म्हणाली, "बाबा, ह्या माका आधी कोणी सांगूकच नाय."

त्या दिवसापासून मी बागेच्या हिशेबाच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली. तिने सांगायचे, मी लिहायचे. त्या वहीतले काही इथे देतो, कारण आमच्याच तालुक्यातल्या आणखी चार-पाच घरांतली मुले आज पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहेत.

अमेरिकेच्या परवाना परीक्षेला यूएसएमएलई म्हणतात. तिच्या तीन पायऱ्या. रेसिडेन्सीला अर्ज करण्याआधी स्टेप वन आणि स्टेप टू सीके या दोन झालेल्या असाव्यात. स्टेप वनमध्ये अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेम, पॅथो, फार्मॅक, मायक्रो हेच विषय असतात, म्हणजे आपल्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास. दुसरे वर्ष संपते तेव्हा ते सगळे डोक्यात ताजे असते. माझ्या मुलीने तेच विषय चार वर्षांनी, रात्रपाळी करून आल्यावर, पुन्हा पहिल्यापासून काढले. स्टेप टू सीकेमध्ये मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडियाट्रिक्स, म्हणजे आपले शेवटचे वर्ष. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला गुण मिळत नाहीत, नुसते पास किंवा नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप टू सीकेच्या गुणांवर आला आहे, आणि एकदा पास झाल्यावर गुण वाढवण्यासाठी ती पुन्हा देता येत नाही. प्रत्येक पायरीला एकूण चारच संधी आहेत. नुसते पास-नापास म्हणून स्टेप वन हलक्यात घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की २०२२ मध्ये अमेरिका-कॅनडाबाहेरच्या महाविद्यालयांतून पहिल्यांदा बसलेल्यांपैकी साधारण चौघांतला एक नापास झाला होता. ते नापास पुढे प्रत्येक अर्जात दिसत राहते.

२०२४ मध्ये एका परीक्षेची फी हजार डॉलर होती, शिवाय अमेरिकेबाहेर बसायचे म्हणून वरचा अधिभार. आम्ही भरली तेव्हा लाखाच्या आसपास गेली. ते पैसे वाशीच्या दलालाकडून पट्टी येण्याआधी भरायचे होते, म्हणून सोसायटीचे कर्ज काढले. ते आधी माहीत असते तर दोन हंगाम थोडे थोडे बाजूला ठेवता आले असते. लोक मला विचारतात, डोनेशन किती? रेसिडेन्सीला डोनेशन नसते. तो पगारी प्रशिक्षणाचा काळ आहे, पहिल्याच वर्षी साठ हजार डॉलरच्या वर पगार असतो. खर्च आहे तो तिथे पोहोचेपर्यंतचा, आणि तो उधारीवर करणाऱ्याला फार जड जातो.

परीक्षेचे केंद्र कोकणात नाही, आम्हांला मुंबई गाठावी लागते. मुलीची स्टेप वनची तारीख होती १६ जुलै २०२४, मंगळवार. रविवारी रात्रीच्या कोकणकन्येचे कणकवलीहून तिकीट होते. त्याच रविवारी खेडजवळ दिवाणखवटीला रुळावर दरड आली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. ऐनवेळी तारीख बदलायची तर पुन्हा पैसे, आणि तारीख कुठली मिळेल याचा भरवसा नाही. सोमवारी पहाटे भाड्याची गाडी करून फोंडा घाटाने कोल्हापूर गाठले, तिथून बस. रात्री मुंबईत पोहोचलो. दुसऱ्या दिवशी ती आठ तास परीक्षेला बसली. पास झाली, पण कोकणातल्या कुठल्याही मुलाने पावसाळ्यातली तारीख घेऊ नये, असे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.

त्याच वहीत एक पान नावाबद्दल आहे. आपल्या मुलांची नावे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावापासून सुरू होतात, शेवटी वडिलांचे नाव येते, आईचे वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर ते निराळ्या क्रमाने छापले जाते. परीक्षेच्या नोंदणीतले नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळले नाही तर केंद्रात आत सोडत नाहीत. या दुरुस्तीत आमचे दोन महिने गेले. पासपोर्ट पहिल्या वर्षातच काढा आणि पुढची प्रत्येक नोंदणी त्यावर बघून करा.

एक अनुभव सांगताना अजून संताप येतो. शहरातल्या एका सल्लागाराने 'संपूर्ण मार्गदर्शना'चे दीड लाख सांगितले, पंचवीस हजार आगाऊ घेतले. त्याने जे कागद दिले ते परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, हे मुलीने मला नंतर दाखवले. वर त्याने आधीच्या उमेदवारांनी आठवून लिहिलेले प्रश्न देऊ केले. तिने ते घेतले नाहीत, याचा मला अभिमान आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळशी संबंधित परीक्षार्थींचे निकाल असल्याच संशयावरून रद्द झाले होते. पालकांनो, असे प्रश्न देणाऱ्याच्या दारात मुलांना उभे करू नका.

निवड कशी होते तेही लिहितो. सप्टेंबरात बहुतेक शाखांचे अर्ज एकाच संगणकीय यंत्रणेतून जातात. ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती होतात. मग उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, रुग्णालये त्यांची देतात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात 'मॅच'चा, म्हणजे या जुळणीचा, निकाल लागतो. आपल्या कॅप राउंडच्या जवळ जाणारा प्रकार, फक्त इथे दोन्ही बाजू पसंती देतात आणि लागलेली जागा बांधील असते. काम १ जुलैच्या सुमारास सुरू होते. म्हणजे अर्जापासून रुजू होईपर्यंत दहा महिने. सप्टेंबर चुकला की अख्खे वर्ष गेले, आणि पदवीला जितकी वर्षे उलटतात तितकी बरीच रुग्णालये अर्ज बाजूला ठेवतात. अर्जाची फी सप्टेंबर २०२४ च्या हंगामात पहिल्या तीस ठिकाणांना प्रत्येकी अकरा डॉलर आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणाला तीस डॉलर होती. शंभर ठिकाणी करायचे तर दोन हजार डॉलरच्या वर. इतके करूनही परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी दहांतल्या सहांच्या आसपासच उमेदवारांना जागा मिळते. उरलेल्या चारांच्या घरी काय होत असेल, याचा विचार आधी करावा.

या अर्जाला महाविद्यालयाकडून काय काय लागते ते ऐकून मी थक्क झालो. ही विद्यार्थिनी आमचीच आहे याची ऑनलाइन खातरजमा, गुणांचा ट्रान्सक्रिप्ट, डीनचे सविस्तर मूल्यमापन पत्र, विभागातल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे. यातले काहीही विद्यार्थी घरी बसून तयार करू शकत नाही. आता आपल्याकडे अलिबाग, ओरोस, रत्नागिरी इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आली आहेत, याचा आनंद कोकणातल्या प्रत्येक घराला आहे. पण नव्या महाविद्यालयात बाहेर जाऊन आलेले जुने सीनियर नसतात, आणि आजवर ही माहिती फक्त सीनियरकडूनच खाली आली आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या महाविद्यालयातल्या मुलाला जे मेसच्या टेबलावर कळते, ते आमच्या मुलांना कुठे कळणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, त्यामुळे दार उघडे आहे. तरी आपल्या महाविद्यालयाचे नाव वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागतिक सूचीत आहे का आणि त्याखाली अमेरिकेसाठीची नोंद आहे का, हे प्रत्येक मुलाने स्वतः उघडून बघावे.

माझी विनंती अशी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने कार्यालयात एक माणूस नेमावा, ज्याला हे फॉर्म ओळखीचे असतील आणि ज्याचे नाव सूचना फलकावर असेल. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दोन तास काढून मुलांना हे सगळे सांगावे. नीट पीजी काय, सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांची एक वर्षाची बंधपत्रित सेवा काय, ती न केल्यास दहा लाखांचा दंड काय, अमेरिका काय, इंग्लंड काय. इंग्लंडच्या प्लॅब या परवाना परीक्षेचा दुसरा भाग फक्त मँचेस्टरला होतो, हेसुद्धा पुष्कळांना माहीत नसते. सगळे एका फळ्यावर मांडावे आणि निवड मुलांवर सोडावी.

अर्जात संशोधनही बघतात हे ऐकून आमची मुले घाबरतात, आम्हांला कुठली प्रयोगशाळा, म्हणतात. त्यांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव सांगा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण बघता बघता त्यांनी प्राझोसिनचा उपचार पुढे आणला, तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझी मुलगी सध्या बंधपत्राची सेवा करताना आरोग्य केंद्रात फुरसे चावलेल्या रुग्णांची नोंद ठेवते आहे. किती वाजता चावले, किती वाजता पोहोचले, लस किती लागली. रीतसर परवानगीसाठी अर्ज केला आहे. तिला हे दुसऱ्या वर्षात सुचवणारे कोणी असते तर आज हातात काहीतरी असते.

'इथे शिकायचे आणि तिकडे जायचे, मग आमच्या आरोग्य केंद्रात कोण?' असे मला तोंडावर विचारणारे आहेत. प्रश्न खरा आहे. माझ्या आईला छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर मिळेपर्यंत दोन तास गेले होते, मी ते विसरलेलो नाही. रेसिडेन्सीसाठी मिळणाऱ्या तिथल्या जे-वन व्हिसाला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. अमेरिकेतल्या डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षे काम केले की ती अट माफ होऊ शकते. हे मुलीने सांगितले तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. त्यांना त्यांच्या खेड्यांची एवढी काळजी आहे. आपणही आपल्या खेड्यात राहणाऱ्या डॉक्टरला घर, वेळेवर पगार आणि पुढच्या शिक्षणाची वाट द्यावी, मुली आपोआप थांबतील. माहिती दडवून मात्र कोणी थांबत नाही. गरिबाघरची तेवढी अडकतात.

आपल्या दैनिकाने जिल्ह्याच्या पानावर एखादा दिवस यासाठी द्यावा, परदेशात रेसिडेन्सी करणाऱ्या कोकणातल्या डॉक्टरांना लिहायला सांगावे. माझी वही मी कोणालाही द्यायला तयार आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वडिलांबरोबर येऊन दोन तास बसली आणि सगळे उतरवून घेऊन गेली.

मुलीची स्टेप टू सीके नोव्हेंबरात आहे. पाऊस सरलेला असेल, फवारण्यांची घाई सुरू व्हायची असेल. गाडीचे तिकीट दोन दिवस आधीचे काढले आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार पालक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग