डॉल्फिनची ‘हमखास’ गॅरंटी नको

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की पुरवण्यांमध्ये तारकर्ली-दापोलीच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात ‘डॉल्फिन हमखास दाखवू’ हे असतंच. आपल्याकडे पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी, त्यामुळे नागपूरकरांना समुद्राचं अप्रूप असणारच. पण हमखास दाखवायचे तर कळप दिसताच चारी बाजूंनी बोटी वळवाव्या लागतात. कोकणातले हे डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात. बोटी चुकवून त्यांनी जायचं कुठे?

ते उड्या मारून आपली करमणूक करतात, हा समजच मुळात चुकीचा. त्यांचं स्वतःचं गणगोत असतं आणि भोवतालचं पाणी बदललं की तेही बदलतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या मॉर्टन उपसागरात डॉल्फिनचे चक्क दोन तट पडले होते. एक जाळं ओढत कोळंबी पकडणाऱ्या बोटींमागे, म्हणजे ट्रॉलरमागे फिरून फेकलेली मासळी खाणारा, दुसरा त्या वाटेला न जाणारा. पाणी एकच, पण एकमेकांत ऊठबस फारशी नाही. पुढे तिथली ट्रॉलिंग कमी झाली आणि संशोधकांनी पुन्हा पाहिलं तर दोन्ही तट एकमेकांत मिसळलेले! स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सामन मासा भरपूर असलेल्या वर्षी डॉल्फिनचे घोळके मोठे दिसले.

आपल्या बोटींचाही परिणाम होतोच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये डॉल्फिन दाखवणारे व्यावसायिक एकाचे दोन झाले, तर त्या पट्ट्यातले डॉल्फिन साधारण सातात एक या प्रमाणात घटले. फक्त दोन! आपल्याकडे एका कळपामागे किती बोटी असतात, ते जाऊन आलेल्यांना विचारा.

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-2’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या सफारी जिप्सींनी अडवली, तेव्हा आपण सगळेच संतापलो. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. डॉल्फिनलाही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मग एका कळपाजवळ किती बोटी, किती अंतरावरून आणि किती वेळ, हे समुद्रातही ठरवून का पाळलं जाऊ नये?

तोवर आपल्या दैनिकाने तरी ‘हमखास’वाल्या जाहिराती नाकाराव्यात. आणि सहलीला निघालेल्यांनी बोटवाल्या दादांना आधीच सांगावं, की लांबूनच दाखवा, मागे लागू नका, नाही दिसले तरी पैसे परत मागणार नाही. ताडोब्यात वाघ दिसला नाही म्हणून कोण परत मागतो?

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर