पॅरिसच्या मशिदीतल्या चहाघरात भेटलेल्या आजींना

आजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, पत्ता तर नाहीच. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या मे महिन्यातली दुपार. झार्दां दे प्लांत या बागेतून बाहेर पडता पडता आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. तिला मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतलेली, जेवण लांबलेलं आणि लिमलेटच्या गोळ्या हॉटेलवर राहिलेल्या. रस्त्यापलीकडे मशिदीचं चहाघर दिसलं, तिथे तिला कशीबशी नेली. अंगणात अंजिराच्या झाडांखाली एकही टेबल रिकामं नव्हतं. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत आणि काही न विचारता स्वतःची खुर्ची दिलीत.

मला फ्रेंच येत नाही. मी इंग्रजीत काहीतरी सांगू पाहत होते, तेवढ्यात आई पुटपुटली, "साखर..."

"सुक्कर?" तुम्ही म्हणालात.

बस, एवढंच. शेजारून तबक घेऊन जाणाऱ्या वेटरला थांबवून तुम्ही पुदिन्याच्या चहाचा पेला उचललात. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी तो शब्द आईच्या कामी आला.

चहा कढत होता. तुम्ही रिकामा पेला मागवलात आणि या पेल्यातून त्या पेल्यात चहा ओतत राहिलात, आमच्याकडे बशीत ओतून निववतात तसा. सोनेरी नक्षीचे ते दोन छोटे पेले आणि त्यांच्यावर तुमची मेंदी लावलेली बोटं मला अजून दिसतात. तिथला चहा मुळातच गोडमिट्ट, साखर घालूनच येतो. दहा-पंधरा मिनिटांत आईच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग तुम्ही तिला खजूर भरलेली रव्याची वडी दिलीत, मक्रूद. बदामाचं सारण भरलेला चंद्रकोरीसारखा तुकडा हातात घेऊन आई म्हणाली, "अगं, ही तर करंजी!" तुम्हाला ते कळलं नसणार, तरी तुम्ही हसलात. त्याला संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास होता. टेबलावर चिमण्या चुरा टिपत होत्या. आईने त्यांनाही थोडा घातला.

ती मशीद १९२६ सालची, पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढताना मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेली, हे मी नंतर वाचलं. त्या दुपारी मला फक्त तुम्ही दिसत होतात. पैसे द्यायला गेले, तर तुम्ही माझी मूठ मिटवलीत आणि आईच्या गालावरून हात फिरवलात.

आई आता ठणठणीत आहे. पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असते. गॅलरीत पुदिन्याची कुंडी लावलीय. संध्याकाळी दोन पेल्यांत चहा खालीवर करते आणि म्हणते, "त्यांच्यासारखा फेस काही येत नाही."

तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुमची ऋणी,
पुण्याची एक लेक