मॅपिंगच्या खोलीतल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे इशारे देणारं, कानाच्या आत बसवलेलं यंत्र. त्याचं कौतुक होतं ते ऑपरेशनचं. तीन-चार आठवड्यांनी बाहेर कानाशी लावायचा प्रोसेसर (आवाज टिपून आत पाठवणारा भाग) चालू झाला की पेढेही वाटले जातात. खरं काम त्यानंतर तुमच्या, म्हणजे ऑडिओलॉजिस्टच्या, टेबलाशी सुरू होतं. ते म्हणजे मॅपिंग, प्रत्येकाला लागतील तशा आवाजाच्या पातळ्यांचा "मॅप" प्रोसेसरमध्ये बसवणं: पहिल्या वर्षात साधारण 1, 3, 6 आणि 12 महिन्यांनी, मग दरवर्षी. मोठेपणी इम्प्लांट घेतलेले आम्ही आणि आमच्या घरची माणसं, सगळ्यांकडून हे आभार.

आवाजाच्या पातळ्यांना हात लावण्याआधी तुम्ही आतल्या प्रत्येक इलेक्ट्रोडचा (विजेचा इशारा देणाऱ्या टोकाचा) इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बघता. एखादा ओपन (जोड तुटलेला) किंवा शॉर्ट (दुसऱ्याशी जोडला गेलेला) निघाला, तर तो बंद करून त्याच्या वाट्याच्या फ्रिक्वेन्सी उरलेल्यांत वाटून देता. ही पायरी गाळून नुसता आवाज वाढवत नेला, तर बोलणं मोठं होतं पण समजत नाही.

मोठ्या माणसांची खोड तुम्ही बरोबर ओळखलीत: भिडेपोटी "ठीक आहे" म्हणायचं. त्यामुळे वरची पातळी कमी राहिली तर बोलणं पुसट येतं; जास्त झाली तर स्वयंपाकघरात भांडं पडताच माणूस दचकतो आणि प्रोसेसर कपाटात जातो. म्हणून तुम्ही तोंडी उत्तर घेत नाही. "जेमतेम ऐकू येतं"पासून "मोठा, पण सोसतो"पर्यंतच्या तक्त्यावर बोट ठेवायला लावता. शेजारशेजारचे इलेक्ट्रोड सारखेच मोठे लागतात का, तेही पडताळता. गाल किंवा पापणी फडफडली, तर करंट चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचतोय हे ओळखून पातळी उतरवता किंवा पल्सची (विजेच्या प्रत्येक ठोक्याची) रुंदी बदलता. तरी थांबलं नाही तर तो इलेक्ट्रोड बंद.

घरच्यांना शिकवलेली सहा ध्वनींची चाचणीही मोलाची. तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणायचं. कालपर्यंत येणारा "स" आज हुकला, तर उंच पट्टीत काहीतरी बिघडलंय.

पण "ऐकू कमी येतंय" म्हणून धावत आलेल्याचा मॅप तुम्ही लगेच बदलत नाही, याचे विशेष आभार. आधी बॅटरी, मग माइकचं कव्हर, मग कॉइलची (डोक्याला मॅग्नेटनं चिकटणाऱ्या चकतीची) केबल. केबल आतून तुटते, वरून दिसत नाही. म्हणून एक जादा केबल जवळ हवीच. 675 नंबरच्या झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढून ती काही मिनिटं हवेत ठेवायची, कारण ती हवेवरच चालते. रात्री प्रोसेसर ड्रायरच्या डब्यात ठेवताना मात्र ती बाहेर काढायची, नाहीतर तीच सुकते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात हा डबा चुकवून चालत नाही.

ऑपरेशननंतरची सूज उतरली की कातडी पातळ होते आणि सुरुवातीचा मॅग्नेट जास्त ओढू लागतो. कॉइलखाली लाली किंवा दुखरेपणा दिसला की लगेच सौम्य मॅग्नेट, हे तुम्ही ठरवूनच टाकलंय. न्यूमोकोकल लशीची आठवणही तुम्हीच करता, कारण इम्प्लांटवाल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त. एमआरआय असो की कुठलंही ऑपरेशन, इम्प्लांटचं कार्ड आधी दाखवायचं. डोक्या-मानेजवळ मोनोपोलर कॉटरी (विजेनं कापण्याची आणि रक्त थांबवण्याची एक पद्धत) चालत नाही, हे सर्जनला आपणहून सांगायचं.

आणि दर भेटीनंतर हातात दिलेली मॅपची प्रत! गाव बदललं किंवा प्रोसेसर हरवला, तरी दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आपले,
इम्प्लांटधारक आणि कुटुंबीय