हिरोशिमाच्या टेकडीआडचा कारखाना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या ६ ऑगस्टच्या अंकातला हिरोशिमावरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण असे लेख मी दरवर्षी वाचतो आणि ते सगळे सकाळी सव्वाआठ वाजता, बॉम्ब पडला त्या क्षणाशी, येऊन थांबतात. तोच मोडका घुमट, त्याच कागदी पक्ष्यांच्या माळा आणि शेवटी एक वाक्य, 'हे शहर राखेतून पुन्हा उभं राहिलं.' उभं राहिलं म्हणजे कोणी उभं केलं? काय बनवून, काय विकून? मी चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं उघडण्यात घालवली आहेत. वस्तू कशी चालते हे आतून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पत्र जरा लांबलं आहे. कापायचं झालं तर माझ्या घरच्या गोष्टी कापा, कारखान्याच्या, म्हणजे हिरोशिमाच्या माझदा मोटार कंपनीच्या, ठेवा.

आमचं दुकान सिलिंडर बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे झिजलेल्या इंजिनाचे भाग पुन्हा कापून-घासून गुळगुळीत करायचं. धूर मारणारी, ऑइल खाणारी गाडी आली की ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, आमच्याकडे यायचा. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे जपानी कंपन्यांच्या भागीदारीतले छोटे ट्रक आले. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा. यातली स्वराज माझदा पंजाबातली, १९८३ ची कंपनी. आमच्या भागात दुधाचे कॅन, भाजी, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं 'माझदा'तून जायचं. ड्रायव्हर 'स्वराज' म्हणतच नसत. "दादा, माझदा आणलीय, बघा जरा," एवढंच.

माझदा म्हणजे काय, हे मला एका पारशी गिऱ्हाइकाकडून कळलं. जुन्या मोटारीचा ब्लॉक घेऊन ते पुण्याहून आले होते. दारात उभ्या गाडीवरचं नाव वाचून थबकले आणि म्हणाले, हे तर आमच्या देवाचं नाव, अहुर माझदा, शहाणपणाचा देव. मला वाटलं, योगायोग असेल. तसा तो नव्हता. कंपनीने हे नाव त्या देवावरूनच घेतलं, आणि ते कंपनी वाढवणाऱ्या मात्सुदा यांच्या आडनावाशीही जुळतं. जपानीत आजही त्या गाडीला 'मात्सुदा'च म्हणतात.

हे जुजिरो मात्सुदा हिरोशिमाजवळच्या एका कोळ्याचे मुलगे. पोरवयात घर सोडून ओसाकाला लोहाराकडे उमेदवारी केली. १९२० साली हिरोशिमात 'टोयो कॉर्क कोग्यो' नावाची कंपनी निघाली. म्हणजे चक्क बुचाचा कारखाना! पुढच्याच वर्षी ती जुजिरोंच्या हाती आली. १९२५ साली कारखान्याला आग लागली. बुचाचा कारखाना पेटल्यावर काय उरणार? पण माणूस मुळात लोहारकामातला, तो लोखंडाकडे परतला. १९२७ साली नावातलं कॉर्क गेलं, कंपनी यंत्रं बनवू लागली आणि १९३१ साली तिने पहिला तीनचाकी मालट्रक काढला. पुढे मोटारसायकलसारखं हँडल, मागे हौदा. आपल्याकडचा तीनचाकी टेम्पो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. १९३६ साली जाहिरातीसाठी या गाड्या दक्षिणेच्या कागोशिमाहून टोकियोपर्यंत नेल्या. २,७०० किलोमीटर, २५ दिवस, त्या काळच्या रस्त्यांवरून.

युद्धात याच कारखान्यात बंदुका बनत होत्या. ही गोष्ट मी लपवणार नाही. ज्यांना या शहराबद्दल प्रेम वाटतं त्यांनीही ती लपवू नये.

२०१९ च्या ऑक्टोबरात मी आणि मंडळी हिरोशिमाला गेलो. मुलगी-जावई कोबेला असतात. पहिल्या दिवशी शांतता संग्रहालय पाहिलं. बाहेर आल्यावर आमच्या मंडळी बाकावर बसल्या त्या अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी खोलीवर म्हणाल्या, "उद्या कुठे जायला नको, परत जाऊ या." मी म्हटलं, उद्या एकच ठिकाण बघू, मग तू म्हणशील तसं.

दुसऱ्या दिवशी हिरोशिमाहून लोकलने दुसरं स्टेशन, मुकाइनादा. वाटेत जावयांनी एक टेकडी दाखवली. हिजियामा. उंची बेताची, आमच्या टेंबलाईच्या टेकडीची आठवण यावी अशी. बॉम्ब पडला त्या जागेपासून कारखाना साधारण पाच किलोमीटरवर, आणि मध्ये ही टेकडी. तिने स्फोटाचा मोठा तडाखा अडवला. काचा, छपरं, भिंती यांचं नुकसान झालं, शहरात कामाला गेलेले कामगार गेले, पण यंत्रं वाचली. तो दिवस जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्यांच्या घरचं माणूसही त्या दिवशी गेलं.

त्यानंतर जे घडलं ते आपल्या लेखांत कधी येत नाही. शहरातून भाजलेली माणसं चालत कारखान्याकडे आली आणि तिथल्या दवाखान्यात त्यांच्यावर उपचार झाले. प्रांताचं सरकारी कचेरीचं ठिकाण नष्ट झालं होतं. त्याच महिन्यात कचेरी या कारखान्याच्या इमारतीत आली आणि पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत तिथेच होती. म्हणजे जवळजवळ वर्षभर त्या प्रांताचा कारभार एका मोटार कारखान्यातून चालला. आणि डिसेंबर १९४५ मध्ये, बॉम्बनंतर चार महिन्यांनी, तीनचाकी ट्रक पुन्हा बाहेर पडू लागले. संपादक महोदय, चार महिने! कच्चा माल नाही, वीज धड नाही, अर्धे लोक आजारी किंवा शोकात. त्या हौद्यांतून लाकूड, सिमेंट, धान्य वाहून शहर पुन्हा बांधलं गेलं. राखेतून उभं राहणं म्हणजे हे.

कारखान्याच्या आवारातच त्यांचं संग्रहालय आहे. आधी नाव नोंदवावं लागतं, मग कंपनीच्या बसमधून आत नेतात. तिथे जुना तीनचाकी पाहिला, १९६० ची पहिली छोटी मोटार आर-३६० पाहिली. पण माझे पाय थांबले ते कापून उघडं दाखवलेल्या रोटरी इंजिनापाशी.

ज्यांनी हे इंजिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्याचं फिरणं करून घेते. फेलिक्स व्हँकेल या जर्मन संशोधकाने म्हटलं, मुळातच फिरणारं काही करू. भुईमुगाच्या जाड शेंगेसारखी, कमरेत किंचित आवळलेली पोकळी. तिच्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. हवा घेणं, दाबणं, पेटणं, धूर सोडणं, चारही कामं त्या तीन बाजूंवर आपापल्या पाळीने होत राहतात. व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टनची आदळआपट नाही. लहान, हलकं, शिवण यंत्रासारखं गुळगुळीत चालणारं. कागदावर याहून देखणं इंजिन नाही.

त्या वेळी जपान सरकारच्या मनात होतं की लहान मोटार कंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. हिरोशिमाच्या कंपनीला स्वतःचं असं काही तरी हवं होतं. जुजिरोंचे मुलगे आणि वारस त्सुनेजी मात्सुदा जर्मनीत एनएसयू कंपनीकडे गेले आणि १९६१ साली या इंजिनाचा परवाना घेऊन आले. काम दिलं केनिची यामामोतो यांच्याकडे. शिकून आलेला हा इंजिनिअर युद्धानंतर याच कारखान्यात तीनचाकीचे गिअरबॉक्स जोडायला हाताने काम करत होता. त्यांच्या हाताखाली ४७ जणांचा चमू होता. जपानच्या इतिहासातल्या सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ सामुराईंवरून लोक त्यांनाही त्याच नावाने ओळखू लागले.

इंजिन चालवलं की काही तासांत पोकळीच्या आतल्या क्रोमच्या भिंतीवर आडव्या लाटा उमटायच्या. ते त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण हा आमचाच शत्रू. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. बोअरिंग बार, म्हणजे कापणारं टूल धरणारा दांडा, थरथरला की मशिनचा आवाज बदलतो, किर्र असा, आणि भिंतीवर लाटा पडतात. डोळ्यांना दिसण्याआधी त्या नखाला कळतात. माझ्या मिस्त्रींनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हेच. ब्लॉकमध्ये हात घाल, नख फिरव, अडकलं तर काम परत कर. आम्ही नखाने शोधायचो आणि तिकडे त्यांनी नाव नखाचंच दिलं.

यावर आमचा उपाय सोपा. टूल कमी बाहेर काढायचं, फेरे बदलायचे, म्हणजे थरथर मोडते. त्यांचं दुखणं रोटरच्या तीन टोकांवरच्या सीलमध्ये, म्हणजे भिंतीला टेकून वायू अडवणाऱ्या पट्टीत होतं. ती पट्टी भिंतीवरून घासत जाताना स्वतःच्या कंपनाने नाचायची. किती धातू, किती मिश्रणं करून पाहिली असतील! जनावरांची हाडंसुद्धा वापरून पाहिली, असं सांगतात. अखेर पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून तिचं कंपन बदललं, तेव्हा ओरखडे गेले. विक्रीच्या गाडीसाठी मग कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील तयार झालं. ३० मे १९६७ ला ही 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आली. संग्रहालयात ती पांढरीशुभ्र, बुटकी गाडी पाहताना मंडळी म्हणाल्या, "बाई, अजून किती नवी दिसते."

मूळ जर्मन कंपनीचं काय झालं तेही लिहितो. एनएसयूने त्याच वर्षी आपली नवी रोटरी मोटार आणली. सील टिकेनात, हमीखाली इंजिनं बदलून देता देता कंपनी खंगली आणि १९६९ साली फोक्सवॅगनच्या घरात विलीन झाली. मोठमोठ्या अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांनी रोटरीवर पैसा घातला आणि सोडून दिला. टिकून राहिले ते हिरोशिमाचे लोक.

त्या चिकाटीची किंमत त्यांनी मोजली, आणि मी तिची आंधळी स्तुती करणार नाही. हे इंजिन पेट्रोल फार पितं. १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा अमेरिकेतला खप कोसळला. कंपनी बुडता बुडता बँकेच्या आधाराने वाचली, कारखान्यातले कामगार विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवावे लागले. १९७९ साली फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला. मात्सुदा घराण्याच्या हातून सूत्रं गेली. माझ्या मते एवढ्या खर्चिक इंजिनावर जवळजवळ सगळ्याच मोटारी बेतणं ही चूक होती. पण तेलसंकटानंतरही त्यांनी रोटरी फेकून दिलं नाही. जिथे ते शोभतं तिथे, म्हणजे आरएक्स-७ सारख्या वेगवान गाडीत ठेवलं. हा शहाणपणा मला त्या देवाच्या नावाला साजेसा वाटतो.

आणि १९९१ चं ल मान्स! चोवीस तासांची शर्यत. चार रोटरची ७८७बी, क्रमांक ५५, नारंगी-हिरवी. पुढे धावणारी मर्सिडीज शेवटच्या तासांत बंद पडली आणि हिरोशिमाची गाडी ३६२ फेऱ्या करून पहिली आली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. शेवटच्या पाळीचा चालक जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरला तो कोसळलाच, बक्षीस घ्यायला वर जाऊ शकला नाही. शर्यतीनंतर इंजिन उघडलं तेव्हा झीज नगण्य होती. माझ्यासाठी खरं बक्षीस ते. उघडल्यावर आतून स्वच्छ निघालेलं इंजिन बघण्याचा आनंद आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

त्या संध्याकाळी गावात जिकडेतिकडे लाल टोप्या दिसत होत्या. हिरोशिमा टोयो कार्प हा इथला बेसबॉल संघ. नावातलं 'टोयो' या कंपनीचंच. सुरुवातीला संघ पैशांअभावी बंद पडणार होता तेव्हा लोकांनी मैदानाच्या दारात दारूची रिकामी पिंपं ठेवून त्यांत नाणी जमवली. मंडळींनी मुद्दाम एक लाल टोपी विकत घेतली, आमच्या नातवासाठी. परत जायचं त्यांनी नंतर काढलंच नाही.

माझदाच्या मोटारी आपल्याकडे विकायला आल्या नाहीत, स्वराज माझदाचंही नाव २०११ पासून बदललं. त्यामुळे आपल्या मोटार पुरवणीत ही कंपनी येत नाही हे समजू शकतो. पण ६ ऑगस्टच्या पानावर तिला जागा आहे. आमच्या भागातल्या आयटीआयची पोरं आपला पेपर वाचतात. लेथवर उभ्या राहणाऱ्या पोराला घुमटाच्या फोटोइतकाच त्या सीलमधल्या भोकांचा फोटो काही तरी सांगून जाईल. पुढच्या ऑगस्टला हिरोशिमावर लिहाल तेव्हा डिसेंबर १९४५ पर्यंत तरी लिहा, एवढी विनंती.

संग्रहालयातल्या तीनचाकीचे आणि त्या उघड्या इंजिनाचे मी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. हवे असल्यास पाठवून देईन.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त बोअरिंग कारागीर), उद्यमनगर, कोल्हापूर