रेसिडेन्सीची तयारी वॉर्डातच व्हावी

महोदय,

फार्म.डी.ची, म्हणजे रुग्णालयातल्या औषधोपचारावर भर देणाऱ्या फार्मसी पदवीची मुले पुण्या-हैदराबादकडे रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या) मुलाखतींना निघाली की प्रश्नसंचांच्या झेरॉक्स हातोहात फिरू लागतात. तिथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. समोर केसपेपर ठेवतात आणि विचारतात, 'यात काय चुकलंय?'

समजा, बाई ७० वर्षांची, वजन ४८ किलो, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) १.४, पायाच्या शिरेत गुठळी. रक्त गोठू न देणारे एनॉक्सापॅरिन ५० मिलिग्रॅम दर १२ तासांनी लिहिले आहे. मूत्रपिंडे कितपत काम करतात ते सांगणारा क्लिअरन्स काढायला १४० मधून वय वजा करून वजनाने गुणायचे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचे, उत्तर ३३. बरीच मुले इथेच थांबतात. रुग्ण स्त्री असल्याने अजून ०.८५ ने गुणायचे असते, मग क्लिअरन्स येतो २८. ३० च्या खाली हा डोस दिवसातून एकदाच द्यायचा. तेवढे गुणायचे राहिले की औषध दुप्पट जाते आणि रक्तस्रावाची भीती वाढते. पुढे डॉक्टरांना काय सुचवाल, हिमोग्लोबिन-प्लेटलेट कधी पाहाल, हे दोन वाक्यांत सांगता यायला हवे. येत नसेल तर 'संदर्भ पाहून सांगतो' म्हणावे. ठोकून दिलेले उत्तर लगेच पकडले जाते.

समुपदेशनाचेही तसेच. इनहेलर हलवा, श्वास पूर्ण सोडा, सावकाश आत घेता घेता दाबा, दहा सेकंद रोखा, स्टेरॉइड असेल तर चूळ भरा, हे सगळ्यांना पाठ असते. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार आजींकडून ते करवून घेतलेला विद्यार्थी वेगळा दिसतो. आजी दाबतात आधी, श्वास घेतात नंतर, आणि औषध घशातच राहते. हे पुस्तकातून नजरेत बसत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू कानावर पडत वाढलेल्या आपल्या मुलांची ही मोठी जमेची बाजू आहे.

फार्म.डी.च्या २००८ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपचे सहा महिने जनरल मेडिसिनला आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांना द्यायचे असतात. हा काळ नुसते फॉर्म भरण्यात जाऊ नये. महाविद्यालयांनी पाचव्या वर्षापासूनच दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक केस मांडून घ्यावी. पाच मिनिटे, स्लाइडशिवाय, समोर वॉर्डातले डॉक्टर. आणि मुलाखतीला गेलेल्या दिवसांची हजेरी कापू नये.

— एक अध्यापक, सोलापूर